राक्षसाचा मृत्यू आणि प्रेक्षकाचा शोक : ‘गोजिरा’च्या एका पहिल्या खेळाच्या आठवणीची चिकित्सा

१

साहित्यकृतीच्या समीक्षकाला आपल्या विधानासाठी आधार हवा असला की तो संहितेकडे परत जातो. कविता पुन्हा वाचता येते, कादंबरीतील प्रकरण पुन्हा चाळता येते. चित्रपटाच्या बाबतीतही आता हे शक्य झाले आहे. चित्रपटगृहातून उतरला की जो एके काळी दृष्टीआड होत असे, तो आज घरबसल्या, हवा तेथे थांबवून पाहता येतो. परंतु एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट समुदायासमवेत तो पाहण्याचा जो प्रसंग, तो मात्र परत मिळत नाही. त्याची उरते ती आठवण. अशा आठवणीला समीक्षेत पुरावा म्हणून काही स्थान असावे काय, की ती प्रवासवर्णनाच्या हवाली करून समीक्षकाने संहितेपुरतेच बोलावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक पातळीवर मांडण्यापेक्षा एका उदाहरणाच्या आधारे तपासणे अधिक उचित ठरेल. ९ डिसेंबर १९९५ रोजी, शनिवारी, ‘गोजिरा विरुद्ध देस्तोरोया’ हा चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. तोहो या निर्मितीसंस्थेच्या गोजिरापटांच्या मालिकेतील हा बाविसावा चित्रपट. दिग्दर्शन ताकाओ ओकावारा यांचे, विशेष दृश्यांचे दिग्दर्शन कोइची कावाकिता यांचे आणि संगीत अकिरा इफुकुबे यांचे. त्या वर्षी जपानच्या प्रवासात असताना या चित्रपटाचा पहिल्या दिवशीचा खेळ तोक्योच्या युराकुचो–हिबिया परिसरातील एका मोठ्या चित्रपटगृहात पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. मला जपानी भाषा येत नव्हती. पडद्यावर इंग्रजी उपशीर्षके नव्हती. शेजारी बसलेले माझे यजमान, एक निवृत्त शालेय शिक्षक, मधूनमधून इंग्रजीत दोन-चार शब्द कुजबुजत. बाकीचे सारे डोळ्यांनी आणि कानांनी समजून घ्यायचे होते.

या आठवणीतून जे हाती लागते ते थोडक्यात असे : राक्षसपटातील राक्षस ‘कशाचे रूपक आहे’ एवढ्यावरून त्या चित्रपटाचा अर्थ निश्चित होत नाही, तो राक्षस मरत असताना प्रेक्षक काय करतो, हाही त्या अर्थाचा घटक असतो. ही दुसरी गोष्ट संहितेत सापडत नाही, तिला साक्षीदार लागतो. मात्र साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावाचून त्याचा शब्द ग्राह्य धरता येत नाही. म्हणून ही आठवण मांडून थांबणे पुरेसे नाही. ती कोठे खोटी ठरते, हेही पाहिले पाहिजे.

२

प्रथम नावाविषयी. आपल्याकडे हा राक्षस ‘गॉडझिला’ या अमेरिकी नावाने परिचित आहे. मूळ जपानी नाव ‘गोजिरा’. गोरिला आणि व्हेल माशाचे जपानी नाव ‘कुजिरा’ या दोन शब्दांच्या जोडणीतून ते तयार झाले. मराठी कानाला मात्र या नावात दुसरेच काही ऐकू येते. साजिरे-गोजिरे मूल आपल्या बोलण्यात सहज येऊन जाते. त्या दिवशी प्रेक्षागारात लहान मुले पडद्याकडे बोट दाखवून हे नाव उच्चारत होती, तेव्हा शंभर मीटर उंचीच्या त्या संहारकाला कोणी लाडाने हाक मारीत आहे असा भास मला प्रथमपासूनच होत राहिला. हा केवळ ध्वनिसाम्याचा अपघात आहे आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याला काडीचेही मूल्य नाही. परंतु परक्या प्रेक्षकाचे अपेक्षांचे क्षितिज, हान्स रॉबर्ट याउस यांची संज्ञा वापरायची तर, अशा अपघातांनीही घडत असते. तो आपण लपवू नये.

१९५४ चा मूळ ‘गोजिरा’ ज्या परिस्थितीत निर्माण झाला ती सुपरिचित असली तरी तिची उजळणी आवश्यक आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिच्या किरणोत्सारी राखेचा वर्षाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर झाला. नौकेवरील २३ जणांना बाधा झाली आणि तिचे बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा यांचे २३ सप्टेंबर रोजी निधन झाले. त्यानंतर अवघ्या एक्केचाळीस दिवसांनी, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ देशभर प्रदर्शित झाला. त्याचा प्रारंभच समुद्रावरील एका नौकेच्या नाशाने होतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला ही नौका कोणती याची आठवण करून देण्याची गरज नव्हती. शिवाय अमेरिकी अंमल १९५२ मध्ये संपेपर्यंत अणुबॉम्बच्या परिणामांविषयी उघडपणे बोलण्या-लिहिण्यावर निर्बंध होते. जे वृत्तपत्रात लिहिता येत नव्हते ते दोनच वर्षांनी एका काल्पनिक प्राण्याच्या पाठीवर बसून पडद्यावर आले, असे म्हणता येईल.

या चित्रपटातील एक तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गोजिरा हे नाव कथेत शास्त्रज्ञ देत नाहीत. ते ओदो या काल्पनिक बेटावरील एका वृद्धाच्या तोंडून येते. समुद्रातील या सत्त्वाला शांत करण्यासाठी पूर्वी मुलींचा बळी दिला जात असे आणि त्या विधीचे अवशेष म्हणून आता केवळ एक नृत्य उरले आहे, असे तो सांगतो. म्हणजे विज्ञानाच्या अपघातातून आलेला हा प्राणी प्रथमपासूनच एका जुन्या विधिव्यवस्थेतही उभा आहे. त्याला मारणे हा एक मार्ग आहे, शांत करणे हा दुसरा. राक्षसपटाची कथा पहिल्या मार्गाने जाते, त्याचे भावविश्व दुसऱ्या. मालिकेतील उत्तम चित्रपटांचे बळ या दोहोंतील ताणात आहे.

३

आता त्या खेळाकडे वळू. गोजिरा या चित्रपटात मरणार हे निर्मात्यांनी प्रदर्शनापूर्वीच जाहीर केले होते. रहस्य असे काही शिल्लक नव्हते. रांगेत मुलांना घेऊन आलेले आई-वडील होते, तसेच एकटे आलेले पन्नाशी-साठीचे पुरुषही बरेच होते. माझ्या यजमानांनी मूळ चित्रपट शाळकरी वयात पाहिला होता.

कथेचा गाभा असा. गोजिराचे हृदय ही एक अणुभट्टी आहे आणि ती आता नियंत्रणाबाहेर गेली आहे. त्याच्या अंगावर निखाऱ्यासारखे तांबडे चट्टे उमटले आहेत, शरीरातून वाफ निघत आहे. हाँगकाँगवर तो येतो तेव्हा तो आक्रमण करीत आहे की वेदनेने सैरावैरा धावत आहे, हे सांगता येत नाही. दुसरीकडे, १९५४ च्या कथेत डॉ. सेरिझावा यांनी ज्या ‘ऑक्सिजन डिस्ट्रॉयर’ने पहिल्या गोजिराचा अंत केला, त्याच अस्त्राच्या परिणामातून तोक्योच्या उपसागराच्या तळाशी देस्तोरोया हा नवा प्राणी निपजला आहे. त्या अस्त्राचे ज्ञान जगाच्या हाती पडू नये म्हणून सेरिझावा यांनी आपले कागद जाळले होते आणि स्वतःचाही अंत करून घेतला होता. त्यांच्या त्यागातून संकट टळले नाही, त्याने केवळ रूप बदलले. मूळ चित्रपटातील एमिकोची भूमिका करणाऱ्या मोमोको कोची एक्केचाळीस वर्षांनी त्याच भूमिकेत पडद्यावर आल्या, तेव्हा प्रेक्षागारातून एक दबका उद्गार उमटला. तो मुलांचा नव्हता.

शेवटच्या भागात गोजिराचे पिलू देस्तोरोयाच्या हातून मारले जाते. गोजिरा त्या निपचित देहाजवळ येतो, स्वतःच्या शरीरातील ऊर्जा त्याला देऊ पाहतो आणि ते उठत नाही असे दिसल्यावर आवाज काढतो. पुढे तो स्वतः वितळू लागतो. सैन्याने त्याच्यावर सोडलेले शीतकिरण हे त्याला मारण्यासाठी नाहीत, त्याच्या मृत्यूने जगाचा घात होऊ नये यासाठी आहेत. ज्यांनी त्याच्यावर आजवर तोफा डागल्या, तेच आता त्याच्या मरणाची व्यवस्था पाहत आहेत. इफुकुबे यांचे संगीत येथे रणवाद्यांचा ठेका सोडून शोकगीताकडे वळते. त्यानंतर त्या मोठ्या प्रेक्षागारात जी शांतता पसरली ती मला आजही स्पष्ट आठवते. कोणीही टाळी वाजविली नाही. पुढच्या रांगेतील एक मुलगा रडत होता आणि त्याचा बाप त्याला गप्प करीत नव्हता.

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाच्या विभावांमध्ये विकृत ध्वनी आणि भयंकर सत्त्वांचे दर्शन यांचा समावेश आहे. गोजिरापटाला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. मूळ चित्रपटात तर श्रेयनामावलीवरच प्रथम पावलांचा आणि गर्जनेचा आवाज येतो, सत्त्वाचे दर्शन पुष्कळ नंतर घडते. परंतु त्या दिवशीचा अनुभव भयानकाचा नव्हता. रौद्रापासून करुणाची उत्पत्ती होते असे भरताने म्हटले आहे, ते येथे अधिक उपयोगी ठरते. मात्र परंपरेने या सूत्राचा जो अर्थ लावला जातो त्यात रौद्र कर्माचे फळ करुण असते : एकाचा क्रोध, दुसऱ्याचा वध, आणि त्या दुसऱ्यासाठी शोक. येथे घडते ते निराळे आहे. जो रौद्राचा आश्रय, तोच करुणाचे आलंबन होतो. ज्याने नगर जाळले त्याच्यासाठी त्याच नगरातील लोक शोक करतात. रौद्र आणि करुण यांच्यात येथे कार्यकारणसंबंध राहत नाही, ते एकाच देहात एकवटतात. हे शक्य होते याचे कारण त्या देहाचे स्वरूप. गोजिराची संहारशक्ती ही त्याची इच्छा नाही, ती त्याला झालेली इजा आहे. त्याच्या तोंडातून निघणारी ज्वाला आणि त्याला आतून जाळणारी ज्वाला एकच आहे.

आता एक सैद्धान्तिक अडचण. अभिनवगुप्तांनी रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी निदान तीन माझ्या वाट्याला पूर्णपणे आली होती. रबरी पोशाखात शिरलेला नट, या चित्रपटात केनपाचिरो सात्सुमा, लहान प्रतिकृतींचे शहर तुडवीत आहे हे उघड दिसत असल्याने संभावनाविरह होता. मी परदेशस्थ असल्याचे भान क्षणभरही सुटत नसल्याने देशकालविशेषाचा आवेश होता. आणि भाषाच येत नसल्याने प्रतीतीच्या उपायांचे वैकल्य होते. सिद्धान्ताप्रमाणे मला काहीच प्राप्त व्हायला नको होते. तरीही काहीतरी प्राप्त झाले. ते काय होते? मला वाटते, तो रस नव्हता. मी सहृदय म्हणून त्या शोकात विलीन झालो नाही. गोजिरासाठी मला रडू आले नाही. मी इतरांना शोक करताना पाहिले. साधारणीकरणात विशेषांचा लोप होतो. येथे तो विशेषच, म्हणजे हे लोक, हे शहर, हे वर्ष, अधिक ठळक होत गेला. रसिक आणि साक्षी यांत फरक केला पाहिजे. रसिकाजवळ अनुभव असतो, साक्षीजवळ पुरावा.

४

हा पुरावा कशाच्या विरुद्ध जातो? गोजिरापटांच्या प्रचलित अर्थनिर्णयाच्या. हा अर्थनिर्णय दोन प्रकारचा आहे. पहिल्या प्रकारात गोजिरा म्हणजे अणुबॉम्ब. हे समीकरण इतके रूढ झाले आहे की ते उच्चारले की विषय संपला असे अनेकांना वाटते. सूझन सोनटॅग यांनी १९६५ साली ‘द इमॅजिनेशन ऑफ डिझास्टर’ या निबंधात अशा चित्रपटांचा विचार करताना ते अणुयुगातील चिंतेला आकार देतात आणि त्याच वेळी विनाशाचे सौंदर्य दाखवून तिला सुसह्यही करतात, असे प्रतिपादन केले. दुसरा प्रकार जपानी समीक्षेतील आहे. साबुरो कावामोतो यांनी गोजिराचा संबंध दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या सैनिकांशी जोडला. तोक्यो उद्ध्वस्त करणारा हा प्राणी सम्राटाच्या राजवाड्याला मात्र स्पर्श न करता समुद्राकडे परततो, या तपशिलाकडे त्यांनी लक्ष वेधले. नोरिहिरो कातो यांनीही पुढे गोजिराच्या वारंवार परतण्याचा विचार युद्धमृतांच्या संदर्भात केला.

पहिला अर्थ त्या दिवशीच्या प्रेक्षागारात टिकत नाही. गोजिरा म्हणजे बॉम्ब असता, तर त्याच्या अंताला टाळ्या पडल्या असत्या. बॉम्बसाठी कोणी शोक करीत नाही. रूपकाच्या रचनेत चिन्हकाला स्वतःचे आयुष्य नसते. चिन्हिताकडे बोट दाखवून झाले की त्याचे काम संपते. गोजिराजवळ मात्र बोट दाखवून उरणारा देह आहे, आणि शोक होतो तो त्या उरलेल्या देहासाठी. हे १९५४ मध्येही घडले होते याचे पुरावे आहेत. मूळ चित्रपटातील नायक अकिरा ताकारादा यांनी, चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा गोजिराबद्दलच्या कणवेने आपणांस रडू आले, असे अनेकदा सांगितले आहे. त्या चित्रपटाचा शेवटही विजयाचा नाही. समुद्रावर टोप्या उतरवून उभी असलेली माणसे, सेरिझावा यांचा मृत्यू, आणि अणुचाचण्या चालू राहिल्या तर असाच दुसरा प्राणी जगात कोठेतरी येईल हा डॉ. यामाने यांचा इशारा, असा तो आहे.

दुसरा अर्थ शोकाची संगती अधिक चांगली लावतो. जपानी परंपरेत अपमृत्यू आलेल्या, क्षुब्ध आत्म्यांना पूजेने शांत करण्याची जुनी पद्धत आहे. निर्वासनात मरण पावलेले कवी व राजपुरुष सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) यांच्या क्षोभामुळे राजधानीवर संकटे येतात या समजुतीतून त्यांना देवत्व दिले गेले आणि क्योतोचे कितानो मंदिर उभे राहिले. भय आणि आदर, संहारक आणि पूज्य, यांचे ऐक्य जपानी प्रेक्षकाला नवे नव्हते. तरीही या अर्थनिर्णयाबाबत मला एक शंका आहे. ‘सैनिकांचे आत्मे’ असे म्हटल्यानेही आपण पुन्हा समीकरणच मांडतो. प्रेक्षागारातील त्या मुलाला महायुद्ध ठाऊक नव्हते. त्याचा शोक आणि माझ्या यजमानांचा शोक यांचे विषय भिन्न होते, शांतता मात्र एकच होती. समीकरणे अनेक असू शकतात आणि तरीही विधी एक असू शकतो. राक्षसपटाचा अर्थ समीकरणात शोधण्याऐवजी या सामाईक विधीत शोधला पाहिजे, असे मला वाटते.

येथे एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. हा शोक व्यापारी होता. निर्मात्यांनी राक्षसाचा मृत्यू जाहिरातीचा विषय केला. चित्रपटाच्या शेवटी धुक्यात पिलूच नवा गोजिरा होऊन उभे राहिलेले दिसते, आणि ११ डिसेंबर १९९९ रोजी मालिकेतील पुढचा चित्रपट आलाच. ज्याचे पुनरागमन ठरलेले आहे त्याचा मृत्यू खरा कसा मानावा? यावर मराठी वाचकाला फार दूर जावे लागणार नाही. अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात सोडताना डोळ्यांत येणारे पाणी, मूर्ती बाजारातून विकत आणली होती किंवा पुढच्या वर्षी ती पुन्हा येणार आहे, या ज्ञानाने आटत नाही. किंबहुना पुन्हा येणार आहे म्हणूनच निरोपाला रूप प्राप्त होते. विधीतील शोक पुनरावृत्तीने खोटा ठरत नाही, पुनरावृत्ती ही त्याची अटच असते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. एका ठिकाणी श्रद्धा आहे, दुसऱ्या ठिकाणी तिकीट. परंतु रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पासून (१९७४) आपण कलानुभवाच्या लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांचा विचार करीत आलो आहोत. पहिल्या खेळाचा हा शोक त्या दोन ध्रुवांपैकी कोणत्याही एकावर स्थिर राहत नाही, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

५

आता साक्षीदाराची उलटतपासणी.

गेली अनेक वर्षे मी हा प्रसंग वर्गात सांगत आलो आहे आणि तो नेहमी एका विशिष्ट क्रमाने सांगत आलो आहे. ८ डिसेंबर १९९५ च्या संध्याकाळी फुकुई प्रांतातील त्सुरुगा येथील मोंजू या प्रायोगिक अणुभट्टीत द्रवरूप सोडियमची गळती होऊन आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ही बातमी वाचली आणि मग अणुभट्टीचे हृदय असलेल्या राक्षसाचा मृत्यू पाहायला गेलो, असे मी सांगत असे. कथनाच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष आहे. हा लेख लिहिण्यापूर्वी मी प्रवासातील वही काढून पाहिली. ९ डिसेंबरच्या नोंदीत मोंजूचा उल्लेख नाही. तो येतो ११ डिसेंबरच्या नोंदीत, क्योतोला जाताना घेतलेल्या एका इंग्रजी वृत्तपत्राच्या संदर्भात. म्हणजे चित्रपट पाहताना मला अपघाताची काहीही माहिती नव्हती. ज्या शांततेचा मी वर उल्लेख केला, तिला मी नंतरच्या ज्ञानाने अधिक गडद केले आहे काय? मला प्रामाणिकपणे नाही असे म्हणता येत नाही. चित्रपटाचे लेखन आणि चित्रण अपघाताच्या कितीतरी आधी पूर्ण झाले होते, तेव्हा त्याच्या अर्थाशी मोंजूचा संबंध जोडणे हे तर उघडच कालविपर्यासाचे आहे.

मग मोंजूचा उल्लेख गाळून टाकावा काय? मला वाटते, गाळू नये. त्याची जागा बदलावी. संहितेचा अर्थ आणि संहितेचा अनुनाद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. १९९५ हे वर्ष जपानच्या दृष्टीने हिरोशिमा-नागासाकीचे पन्नासावे वर्ष होते. १७ जानेवारीच्या भूकंपात कोबे परिसरात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली होती. २० मार्चला तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडण्यात आला होता. यांपैकी काहीही चित्रपटात नाही. परंतु हे सारे ज्यांच्या अंगावरून गेले ते लोक प्रेक्षागारात होते, आणि पडद्यावर तुडविले जाणारे शहर हेच बाहेरचे शहर होते. १९५४ च्या चित्रपटात गोजिराने ज्या युराकुचोमधील निचिगेकी नाट्यगृहाची नासधूस केली, त्याच परिसरात बसून ते हा चित्रपट पाहत होते. मोंजूची बातमी माझ्यापुरती या अनुनादाची आहे, अर्थाची नाही. माझ्या स्मृतीने दोहोंची गल्लत केली. ही गल्लत स्मृतीचा दोष आहे, तशीच ती स्मृतीची कार्यपद्धतीही आहे. जो अर्थ तिला हवा होता, त्यासाठी तिने तारखांची जुळवाजुळव केली.

हीच प्रक्रिया ११ मार्च २०११ नंतर पुन्हा घडली. फुकुशिमा दाइइची येथील तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले, तेव्हापासून त्या चित्रपटातील वितळणाऱ्या देहाचे दृश्य मला निखळपणे आठवताच येत नाही. या वेळी तर अनुनाद माझ्या घरापर्यंत आला. तारापूरच्या अणुवीजकेंद्रातील १९६९ चे पहिले दोन संच आणि फुकुशिमा दाइइचीचा पहिला संच हे उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या एकाच कुळातील आहेत. डिसेंबर १९९५ मध्ये मी परक्याच्या शोकाचा साक्षी होतो. आज तो शोक केवळ परक्याचा आहे असे मला म्हणता येत नाही. मात्र हा बदल माझ्यात झालेला आहे, चित्रपटात नाही. समीक्षकाने हे सांगितले नाही तर तो आपल्या भयाला संहितेच्या अर्थाचे नाव देऊन मोकळा होतो.

६

या तपासणीनंतर आठवणीचे काय उरते? तारखांचा क्रम उरत नाही. बातमीची नाट्यमयता उरत नाही. उरतात त्या तीन गोष्टी, आणि या तिन्ही वहीत त्याच दिवशी नोंदविलेल्या आहेत : टाळ्या पडल्या नाहीत, श्रेयनामावली सुरू होताच मी आपल्याकडील सवयीने उठून उभा राहिलो आणि संपूर्ण प्रेक्षागार बसलेलेच आहे असे पाहून ओशाळून खाली बसलो, आणि दिवे लागल्यावर माझ्या यजमानांनी पडद्याकडे पाहून किंचित मान लवविली. जपानी प्रेक्षक श्रेयनामावली संपेपर्यंत सहसा उठत नाहीत हे मला नंतर समजले. तेव्हा दुसऱ्या गोष्टीचे पुराव्याचे मूल्य कमी होते. पहिली आणि तिसरी मात्र उलटतपासणीत टिकतात. दोनच निरीक्षणे, परंतु गोजिरा म्हणजे बॉम्ब हे समीकरण अपुरे आहे हे दाखविण्यास ती पुरेशी आहेत, आणि संहितेच्या कितीही बारकाईने केलेल्या वाचनातून ती मिळाली नसती.

मालिकेतील पुढच्या चित्रपटांनी या निष्कर्षाला काही प्रमाणात दुजोराच दिला आहे. हिदेआकी अन्नो आणि शिंजी हिगुची यांच्या ‘शिन गोजिरा’त (२०१६) राक्षस मरतच नाही, तोक्योच्या मध्यभागी गोठून उभा राहतो, शोकाला तेथे अवसरच मिळत नाही आणि तो चित्रपट म्हणूनच अधिक अस्वस्थ करतो. ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गोजिरा मायनस वन’मध्ये (२०२३) बुडणाऱ्या राक्षसाला नौकांवरील माणसे सलामी देतात. १९९५ मध्ये जी कृती प्रेक्षागारात घडली, ती आता पडद्यावर पात्रांकडून घडते. प्रेक्षकाचा प्रतिसाद संहितेने आपल्यात सामावून घेतला आहे असे म्हणता येईल. हे खरे असेल, तर पहिल्या खेळांच्या आठवणी नोंदवून ठेवणे हे समीक्षेचे गौण काम ठरत नाही, कारण उद्याच्या संहितेचे द्रव्य कधी कधी आजच्या प्रेक्षागारात तयार होत असते.

त्याच डिसेंबरात हिबियात गोजिराचा एक लहानसा पुतळा उभारण्यात आला होता. परतीच्या आधी मी तो पाहून आलो. त्याच्या पायाशी कोणीतरी काही नाणी आणि फुले ठेवलेली होती. २०१८ मध्ये त्या चौकात दुसरा, मोठा पुतळा आला. लहान पुतळ्यासमोर एक बाई आपल्या मुलाला उचलून धरून उभी होती, आणि ते मूल नाव घेत होते. त्या वेळी माझ्या मराठी कानाला जे ऐकू आले ते चुकीचे होते हे मला ठाऊक आहे. परंतु त्या मुलाच्या उच्चारातील भाव आणि माझ्या भाषेतील अर्थ यांत त्या क्षणी अंतर नव्हते, एवढी साक्ष मी देऊ शकतो.